लग्न कायद्यात बसत नाही, घर त्यांच्या नावावर, हप्ते मीही भरलेत. माझा हक्क काय?

रातराणी४६

नमस्कार. खूप दिवस इथे नुसतं वाचते, लिहायची पहिलीच वेळ आहे. लांबण लागणार हे आधीच सांगते, सांभाळून घ्या.

मी ४६, हे ५२. २०१० पासून आम्ही एकत्र. त्यांचं पहिलं लग्न १९९८ चं, २००३ पासून ते दोघं वेगळे राहतात, एक मुलगा आहे, आता २५ चा. कोर्टातून घटस्फोट झालेला नाही. गावात पंचांसमोर शंभराच्या स्टँपपेपरवर सोडचिठ्ठी झालीये, दोघांच्या सह्या, पाच साक्षीदार. सासूबाई म्हणायच्या आमच्यात असंच होतं, तेवढं पुरतं. मलाही तेव्हा ते पटलं, म्हणजे खरं सांगायचं तर मी पटवून घेतलं. मग २०१० ला देवळात हार घातले, मंगळसूत्र झालं, गुरुजी होते, सप्तपदी झाली, घरची पंधरा-वीस माणसं जेवली. रजिस्टर करायला गेलो नाही कारण तिथे पहिल्या लग्नाचं विचारतात. २०१३ ला मुलगी झाली, जन्मदाखल्यावर वडील म्हणून ह्यांचंच नाव आहे.

२०१६ ला फ्लॅट घेतला. लोन त्यांच्या पगारावर बसत होतं म्हणून अॅग्रीमेंट एकट्यांच्या नावावर. डाऊन पेमेंटमधले ६ लाख माझे, एफडी मोडली आणि आईने दिलेल्या पाटल्या विकल्या. आणि तेव्हापासून दर महिन्याला १४ हजार माझ्या खात्यातून त्यांच्या खात्यात, हप्त्यासाठी. गावाकडे वडिलोपार्जित जमीन आहे, सातबाऱ्यावर तिघे भाऊ आणि सासूबाई.

आत्ता विषय का निघाला तर मागच्या महिन्यात ह्यांची अँजिओप्लास्टी झाली. फॉर्मवर सही करायला बसले, काउंटरवरच्या मुलीने नातं विचारलं, मी पत्नी म्हणणार तेवढ्यात धाकटे दीर म्हणाले, थांबा वहिनी, मी करतो सही, उद्या लफडं नको. चांगल्या मनानेच म्हणाले ते. पण तो शब्द काही डोक्यातून जाईना.

तर विचारायचं एवढंच की उद्या ह्यांना काही झालं तर मी त्या घरात राहू शकते का? माझ्या पैशाचं काय? आणि मुलीचं? कृपया "तेव्हाच विचार करायला हवा होता" असं कुणी म्हणू नका, ते मी रोज रात्री स्वतःला म्हणते.

निवांतराव

ताई एवढं टेन्शन घेऊ नका. सगळीकडे तुमचं नाव नॉमिनी म्हणून लावून घ्या, सोसायटी, बँक, पीएफ, एलआयसी. आमच्या ऑफिसात एकाने असंच केलंय. आणि हल्ली लिव्ह-इनवाल्या बाईलाही सुप्रीम कोर्टाने बायकोचे हक्क दिलेत, पेपरात आलं होतं. चौदा-पंधरा वर्षं झाली म्हणजे कायद्याने लग्नच धरतात.

जुनी_फाईल

निवांतराव, तुमचा हेतू चांगला आहे पण एका पोस्टमध्ये तीन चुका आहेत आणि ह्याच तीन चुकांवर माझी निम्मी वकिली चालली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दिवाणी बाजूला बरीच वर्षं काढलीत. कागद न बघता सांगतोय, तेवढं लक्षात ठेवा.

आधी लग्नाचं. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, त्यात पहिला जोडीदार जिवंत आणि लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न मुळातच शून्य. आपल्याकडे तर त्याही आधी, मुंबई प्रांतात १९४६ लाच दुसऱ्या लग्नावर बंदी आली होती. शून्य म्हणजे ते रद्द करून घ्यावं लागत नाही, ते झालेलंच नसतं. मग सोडचिठ्ठी? रूढीने होणारा घटस्फोट कायद्याने पूर्ण नाकारलेला नाही, कलम २९ मध्ये त्याला जागा ठेवली आहे, आणि काडीमोड, मग पाट, मोहतूर (म्हणजे पुन्हा लग्न) हे आपल्याकडे काही समाजांत खरोखर चालत आलेलं आहे. पण ती रूढी त्या समाजात जुनी, अखंड आणि नक्की होती हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला ह्या २००२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं, नुसता कागद पुरत नाही, रूढी सांगावी लागते आणि शाबीत करावी लागते. पंचांच्या पाच सह्या म्हणजे रूढीचा पुरावा नव्हे. तुमच्या सासूबाई "आमच्यात असंच होतं" म्हणतात ना, मग त्यांच्या पिढीत आणखी कुणाकुणाचं असं झालं, त्यातल्या बायकांची पुढे लग्नं लागली का, ती समाजाने मानली का, हे त्या असेपर्यंत लिहून काढा. हसू नका, हीच माहिती नंतर मिळत नाही.

आता "पंधरा वर्षं झाली म्हणजे लग्न". दीर्घकाळ नवराबायकोसारखं राहिलं तर लग्न झालंय असं कोर्ट गृहीत धरतं हे खरं. बद्री प्रसाद खटल्यात, १९७८ चा, पन्नास वर्षं एकत्र राहिलेल्या जोडप्याला साक्षीदार आणा म्हणणं कोर्टाने हास्यास्पद ठरवलं. पण हे नुसतं गृहीतक आहे, समोरच्याने खोडून काढेपर्यंतचं. आणि पहिली बायको हयात आहे, घटस्फोट नाही, एवढं दाखवलं की ते गृहीतक संपतं. पंधरा काय, चाळीस वर्षं झाली तरी.

तिसरं लिव्ह-इनचं. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात "लग्नाच्या स्वरूपाचं नातं" असा शब्द आहे, त्याखाली राहत्या घरातून बाहेर न काढण्याचा आदेश, खर्च, नुकसानभरपाई मागता येते. पेपरवाले ह्यालाच बायकोचे हक्क म्हणतात. पण वेलुसामी (२०१०) निकालात अट घातली की दोघंही कायद्याने लग्नाला पात्र हवेत. इंद्रा सरमा (२०१३) मध्ये बाईला तो विवाहित आहे हे माहीत होतं म्हणून तिला ह्या कायद्यातून काही मिळालं नाही, आणि कोर्टाने स्वतःच म्हटलं की अशा बायकांसाठी संसदेने काहीतरी करायला हवं. अजून झालेलं नाही. पोटगीचंही तसंच. बादशाह विरुद्ध ऊर्मिला गोडसे हा २०१३ चा निकाल महाराष्ट्रातलाच, तिथे नवऱ्याने पहिलं लग्न लपवलं होतं म्हणून दुसरीला पोटगी मिळाली. तुमच्यापासून कुणी काही लपवलेलं नाही. सोडचिठ्ठीवर प्रामाणिक विश्वास होता असा युक्तिवाद करता येईल, मी असतो तर केलाच असता, पण त्याच्या भरवशावर झोपलो नसतो.

आणि हे सगळे हक्क माणूस जिवंत असतानाचे आहेत. वारसाहक्काचा ह्यातल्या कशाशीच संबंध नाही. मृत्युपत्र न करता ते गेले तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे फ्लॅटचे वारस कोण? पहिली पत्नी, तिचा मुलगा, तुमची मुलगी, आणि सासूबाई. चौघांना चौथा चौथा हिस्सा. तुम्हाला शून्य.

मुलीचं मात्र वेगळं आहे, नीट वाचा. लग्न शून्य असलं तरी त्यातून झालेलं मूल हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ ने औरसच, म्हणजे कायदेशीर. आईवडिलांच्या मिळकतीत त्याला पूर्ण हिस्सा. वडिलोपार्जित जमिनीचा वाद वर्षानुवर्षं चालू होता, तो १ सप्टेंबर २०२३ ला रेवणसिद्दप्पा निकालाने मिटला: मुलीला आज उठून जमिनीची वाटणी मागता येणार नाही, ती जन्माने सहदायाद (जन्मापासूनच वडिलोपार्जित मिळकतीत वाटेकरी) होत नाही, पण वडील वारले त्या क्षणाला वाटणी झाली असं मानून त्यांच्या वाट्याला जे आलं असतं त्यात ती बाकीच्या वारसांच्या बरोबरीने येते. आणि गंमत बघा, कलम १६ ला "लग्न" लागतं, शून्य का होईना. म्हणजे देवळातले ते हार, सप्तपदी, गुरुजी ह्यांनी तुम्हाला काही मिळवून दिलं नाही, पण तुमच्या मुलीचा हक्क त्यावर उभा आहे. फोटो, पावती, पत्रिका जे असेल ते जपा. फक्त एक, दुसरं लग्न हा गुन्हाही आहे आणि पहिल्या पत्नीने तक्रार केली तर हेच फोटो ह्यांच्या विरुद्ध जातील. तेव्हा जपा, पण मिरवू नका.

नॉमिनीचं नंतर लिहितो, पक्षकार आलेत.

थोरली_लेक

हे सगळं वाचून लिहू की नको असं झालं, पण लिहिते. रातराणी, राग मानू नका. माझी आई ती "पहिली" आहे.

बाबा मी नऊ वर्षांची असताना गेले, म्हणजे घर सोडून गेले. आईने कधी घटस्फोट दिला नाही, लोक म्हणायचे हट्टी आहे, खरं कारण एवढंच होतं की माझ्या आणि धाकटीच्या लग्नात पत्रिकेवर काय छापायचं. बाबा २०१८ ला वारले. बँकेत, विम्यात, सगळीकडे नॉमिनी त्या दुसऱ्या काकू. त्यांना वाटलं सगळं आपलं, आम्हाला वाटलं सगळं आपलं. तीन वर्षं तारखा. वकिलांनी विद्याधरी विरुद्ध सुखराणाबाई म्हणून एक २००८ चा निकाल दाखवला, त्यात दुसरी बाई नॉमिनी होती म्हणून वारसा प्रमाणपत्र तिच्या हातात दिलं, पण पैसे वाटायचे कसे तर पहिल्या बायकोला एक हिस्सा आणि दुसरीच्या चार मुलांना प्रत्येकी एक. तिला स्वतःला काही नाही, ती फक्त सांभाळणारी. आमच्याकडे काकूंना मूल नव्हतं. म्हणजे त्यांनी बाबांची शेवटची दोन वर्षं डायलिसिसला नेणं-आणणं सगळं केलं आणि हिशेबात त्या कुठेच नव्हत्या.

शेवटी आईच म्हणाली मिटवा. काकूंना बाबांच्या एफडीतले काही दिले, लेखी तडजोड करून. आईने हे का केलं हे मला अजून कळलेलं नाही, विचारलं तर म्हणते औषधांच्या पावत्या तिच्याकडे होत्या.

एवढंच सांगायचं होतं की पहिली म्हणजे दरवेळी शत्रूच असते असं धरून चालू नका. माझ्या आईशी बाबा स्वतः एकदा जरी येऊन बोलले असते तर तिने सही केली असती. ते काकांना पाठवायचे.

आकडेमोड

सीए आहे, माझ्या बाजूचं सांगतो, भावनांचं बाकीचे बघतील.

रातराणी ताई, तुमचा मोठा धोका वारसाहक्क नाही, तुमचे स्वतःचे पैसे आहेत. ६ लाख आणि महिना १४ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ६८ हजार, नऊ वर्षं धरली तरी सगळे मिळून २१ लाखांच्या वर. कागदावर हे काय आहे? काहीच नाही. आणि "घर त्यांच्या नावावर पण पैसे माझे" असं कोर्टात म्हणायला गेलात तर बेनामी कायदा, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर मिळकत घेण्याविरुद्धचा कायदा, आडवा येतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर पती किंवा पत्नीच्या नावाने स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून घेतलं तर त्याला सूट आहे, पण तुम्ही कायद्याने पत्नी नाही. म्हणजे सूट नाही, उलट "खरी मालक मी" असा दावाच लावता येत नाही. लग्न झालेल्या बायका हे बिनधास्त करतात, तुमच्यासाठी तोच खड्डा.

शिवाय दरमहा पाठवलेली रक्कम भेट म्हणाल तर तीही अडचण. कायद्याने नातेवाईक नसलेल्याकडून वर्षात ५० हजारांच्या वर भेट आली तर ती घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरतात. म्हणजे ह्यांनी त्यावर टॅक्स भरायला हवा होता. कोणी विचारलं नाही म्हणून चाललंय.

म्हणून माझा सल्ला, हे सगळं कर्ज म्हणून लिहून घ्या. हातउसन्या पैशाची मुदत तीन वर्षांची असते, जुने हप्ते मुदतीबाहेर गेलेत, पण करार कायद्याच्या कलम २५ मध्ये सोय आहे की मुदतबाह्य कर्जही मी फेडीन असं सही करून लेखी दिलं तर ते नव्याने बांधील होतं. त्यांनी एक कागद द्यायचा, अमुक तारखेपासून अमुक रकमा घराच्या खरेदीसाठी आणि हप्त्यांसाठी घेतल्या, एवढ्या देणं लागतो. सोबत बँक स्टेटमेंट. उद्या ते नसले तरी देणं त्यांच्या मिळकतीवर राहतं, वारसांना आधी तुमचं देऊन मग वाटणी करावी लागते. बायको म्हणून शून्य असाल, सावकार म्हणून नाही. (वाईट वाटतं लिहायला, पण खरंय.) आणि पुढच्या महिन्यापासून ट्रान्सफर करताना शेरा लिहा, "गृहकर्ज हप्त्यासाठी उसने". आत्ता काय लिहिता?

रातराणी४६

आत्ता "घरखर्च" लिहिते 😔

आकडेमोड

वाटलंच. बदला.

अजून एक, कुणी सांगेल फ्लॅटमधला हिस्सा बक्षीसपत्राने नावावर करून घ्या. नवऱ्याने बायकोला राहतं घर बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात स्टँप ड्युटी २०० रुपये. तो दर तुम्हाला नाही, तुम्हाला खरेदीखतासारखा बाजारभावावर, वर तुमच्या उत्पन्नात ती किंमत धरून आयकर, शिवाय बँकेची परवानगी कारण घर गहाण आहे. मृत्युपत्राने आलं तर मात्र नातं असो नसो, आयकर नाही, मृत्युपत्राला स्टँप ड्युटीही नाही.

स्पष्टवक्ता

कटू वाटेल पण कुणीतरी बोलायला हवं. कायदा असाच असायला पाहिजे. दुसऱ्याच्या संसारात जाऊन मग हक्क विचारायचे, आणि इथे सगळे मार्ग दाखवतायत. ज्या बाईने वीस वर्षं एकटीने मुलगा वाढवला तिचं काय?

थोरली_लेक

ती बाई माझी आई आहे असं समजा, आणि तिच्या वतीने तुम्ही बोलू नका. तिला वीस वर्षं पोटगी मिळाली नाही तेव्हा कुणी कटू बोलायला आलं नव्हतं. रातराणींनी स्वतःचे पैसे कुठे गेले हे विचारलंय.

दोघे_आम्ही

आमची गोष्ट वेगळी आहे पण खड्डा तोच. आम्ही दोघे पुरुष, दहा वर्षं एकत्र. १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी लग्नाबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा सुप्रियो निकाल लागला त्या दिवशी ऑफिसच्या पॅन्ट्रीत उभं राहून लाईव्ह ऐकत होतो. लग्न नाही म्हणाले. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने एवढं स्पष्ट केलं की आमच्यासारख्यांना जॉइंट खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. छान वाटलं, मग कळलं नॉमिनी म्हणजे काय.

आम्ही काय केलं ते सांगतो. घर पहिल्यापासून दोघांच्या नावावर, आणि अॅग्रीमेंटमध्ये कोणी किती टक्के दिले ते लिहून घेतलं. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम ४५ आहे, ज्याने जितके पैसे घातले तितका त्याचा हिस्सा, आणि पुरावा नसेल तर समान धरतात. पण दोन नावं आहेत म्हणून एक गेल्यावर घर आपोआप दुसऱ्याचं होत नाही! त्याचा अर्धा हिस्सा त्याच्या घरच्यांकडे जातो, आणि माझ्या बाबतीत घरचे म्हणजे सात वर्षं फोन न उचललेले भाऊ. म्हणून दोघांची मृत्युपत्रं एकमेकांच्या नावे, रजिस्टर केलेली. हॉस्पिटलसाठी एकमेकांच्या नावाने अधिकारपत्र पण केलंय, फक्त ते माणूस जिवंत आहे तोवरच, गेल्यावर त्याची किंमत कागदाएवढी.

पीएफला मात्र हरलो. माझी आई माझ्यावर अवलंबून आहे, ती पीएफच्या नियमात "कुटुंब", आणि कुटुंब असताना बाहेरच्याला केलेलं नॉमिनेशन रद्दच. म्हणजे दहा वर्षं सोबत राहणारा बाहेरचा. बरं, आईला मिळणार आहे म्हणून तक्रार तरी कशी करू.

जुनी_फाईल

दोघे_आम्ही, तुम्ही माझं अर्धं काम केलंत. नॉमिनीचं राहिलं होतं ते पुरं करतो.

नॉमिनी म्हणजे ज्याच्या हातात पैसे दिले की बँक, विमा कंपनी, सोसायटी मोकळी होते तो माणूस. मालक नव्हे. सर्बती देवी निकाल १९८४ चा विम्याबद्दल, डिसेंबर २०२३ ला शक्ती येझदानी निकालात शेअर्सबद्दलही तेच. सोसायटीत तर महाराष्ट्रात २०१९ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनीला तात्पुरता सभासद करतात, वारस ठरेपर्यंत. विम्यात २०१५ पासून एक अपवाद आहे, आईवडील, पती-पत्नी, मुलं ह्यांना नॉमिनी केलं तर ते खरे लाभार्थी. रातराणी ताई त्यात बसत नाहीत, पण त्यांची मुलगी बसते. म्हणून विम्यात मुलीचं नाव लावा आणि ती १८ ची होईपर्यंत पैसे कुणाच्या हातात द्यायचे त्या माणसाची नेमणूक तिथेच करता येते. तिथे तुमचं नाव. पीएफलाही मुलगी.

बाकी फ्लॅटचं मृत्युपत्र. तो त्यांच्या स्वतःच्या कमाईचा आहे, पूर्ण तुम्हाला देऊ शकतात, कुणाची परवानगी लागत नाही. वडिलोपार्जित जमिनीतला स्वतःचा हिस्साही मृत्युपत्राने देता येतो, पण माझं वैयक्तिक मत विचाराल तर जमिनीला हात लावू नका. जमीन दोन्ही मुलांना राहू दे, मग फ्लॅटवरून भांडायला कमी लोक येतील. मृत्युपत्रात पहिली पत्नी आणि मुलगा ह्यांचा उल्लेख न करणं ही सगळ्यात मोठी चूक. ज्यात बायको-मुलाचं नावच नाही ते मृत्युपत्र कोर्टाला संशयास्पद वाटतं. स्पष्ट लिहायचं की ते आहेत, अमुक सालापासून वेगळे राहतात, त्यांना अमुक देतोय किंवा अमुक कारणाने देत नाही, आणि ह्या बाईंनी घरासाठी एवढे पैसे घातले म्हणून घर त्यांना. तुमचा उल्लेख "पत्नी" असा करायचा नाही, पूर्ण नावाने करायचा. पत्नी लिहिलं की तेवढा एकच शब्द धरून वाद घालतात.

एवढं करूनही विधवा पत्नीला मृत्युपत्राने काहीच मिळालं नसेल तर १९५६ च्या पोटगी कायद्याने ती मिळकत घेणाऱ्याकडून निर्वाह मागू शकते. म्हणजे तुमच्याकडून. हे माहीत असू दे.

आणि खरा सरळ रस्ता थोरल्या लेकीने दाखवलाय. सहमतीचा घटस्फोट, कलम १३ ब. वेगळं राहून एक वर्ष व्हावं लागतं, इथे वीस झाली. सहा महिन्यांची थांबायची मुदतही २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर कोर्ट माफ करू शकतं. त्या एकरकमी काही मागतील, ते रास्तच आहे. मग तुम्ही रीतसर लग्न करा, विशेष विवाह कायद्याने केलंत तर तीस दिवसांची नोटीस लागते. त्या दिवसापासून ह्या धाग्यातले निम्मे प्रश्न संपतात. पण मृत्युपत्र ह्याच आठवड्यात, घटस्फोटाची वाट न बघता. लग्नानंतर नवीन करता येतं.

गोदाकाठ

एक राहिलं, बायकांसाठी. ज्या स्वतः कागदोपत्री विवाहित आहेत आणि दुसऱ्यासोबत राहतात त्यांनी आपलंही मृत्युपत्र करा. मृत्युपत्र न करता हिंदू बाई गेली तर तिच्या कमाईवर आधी मुलं आणि नवरा, ते नसतील तर नवऱ्याचे वारस, आणि त्यानंतर तिचे आईबाप. ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण, २००९, त्यात लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा होऊन सासरहून हाकललेल्या बाईची आयुष्यभराची कमाई सासरच्यांना गेली. सुप्रीम कोर्टात. माझी बहीण ह्या वर्षी सव्वीस वर्षं वेगळी राहतेय, मी हा निकाल वाचल्यावर तिला त्याच रात्री फोन केला, तर म्हणते आत्ता नको, सिरीयल चालू आहे.

रातराणी४६

सगळ्यांचे आभार, प्रत्येकाला वेगळं लिहिता येत नाहीये. आठ दिवसांनी लिहितेय.

ह्यांना हा धागा दाखवला नाही, वाचून सांगितलं. थोरल्या लेकीचं सांगितलं तेव्हा गप्प बसले, मग म्हणाले भावालाच पाठवणार होतो तिकडे. रविवारी स्वतः गेले. मुलगा घरी होता, त्याने पाणी दिलं, बोलला नाही. त्या म्हणाल्या विचार करून सांगते, मुलाच्या नोकरीचं होईपर्यंत थांबा. म्हणजे नाही म्हणाल्या नाहीत. उसन्या पैशाचा कागद झाला, १४ हजारांना शेरा बदलला. मृत्युपत्राचा मसुदा तयार आहे, गुरुवारी रजिस्टर करायला जायचंय. दोन प्रश्न: आमचे फॅमिली डॉक्टर साक्षीदार चालतील का, आणि मी सोबत जाऊ का? नुकतीच अँजिओप्लास्टी झालीये, एकट्याला पाठवायची भीती वाटते.

जुनी_फाईल

डॉक्टर उत्तम, सही करताना माणूस शुद्धीत आणि समजून होता हे तेच सांगू शकतात. दुसरा साक्षीदार वयाने तरुण घ्या आणि पत्ता न बदलणारा. तुम्ही जाऊ नका. ज्याला मिळणार तोच पुढे पुढे करत होता ही मृत्युपत्राविरुद्धची पहिली ओळ असते. मसुद्याची फी आणि इतर खर्चही तुमच्या खात्यातून नको. ते दीर, ज्यांनी हॉस्पिटलात सही केली, त्यांना न्या सोबतीला.

रातराणी४६

बरं. दिरांना सांगते. काल जुन्या ट्रंकेत देवळाची पावती सापडली, २०१० ची, दोघांची नावं आहेत. शाई फिकट झालीये, लॅमिनेशन करून आणू का?

जुनी_फाईल

अजिबात नको, मूळ कागद तसाच लागतो. प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून मुलीच्या जन्मदाखल्यासोबत ठेवा, आणि आज मोबाईलवर फोटो काढून ठेवा.